‘समजलं ना?’ एवढं विचारून भागत नाही

पावसाळा लागला की वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातली ताटं हिरवी होतात. आधी तरोट्याचा कोवळा पाला येतो, मग आंबाडी, चवळाई, घोळ. हिवाळ्यात मेथी, पालक आणि हरभऱ्याची भाजी. उन्हाळ्यात पालेभाजी आटते आणि डाळ, बेसन, वाळवणं यांवर भागवावं लागतं. ज्याच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवली आहे आणि जो रोज वॉरफरिन किंवा ‘असिट्रोम’ या नावाने मिळणारी असेनोकुमरॉलची गोळी घेतो, त्याच्या बाबतीत भाजी बदलली की औषधाचा परिणामही बदलतो. हे त्या माणसाला माहीत आहे का? आणि माहीत आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

गर्दीच्या ओपीडीत हा निकाल एका वाक्यात लागतो. ‘समजलं ना मावशी?’ ‘हाव जी.’ डॉक्टरांना ‘नाही समजलं’ असं तोंडावर सांगणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. शिवाय मागे रांग असते आणि गावाकडची एसटी गाठायची असते. त्या ‘हाव जी’वरून रुग्णाचं ज्ञान कळत नाही, फक्त त्याचा आदर कळतो. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी रुग्णाला काय ठाऊक आहे हे रीतसर मोजण्याची एक शाखाच जगभर उभी राहिली आहे. यवतमाळला तिची मोठी गरज आहे.

गोळी काय करते?

या औषधाची कहाणी गोठ्यात सुरू झाली. 1920च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेला ‘स्वीट क्लोव्हर’चा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापण्यासारख्या किरकोळ जखमेतूनही रक्त थांबेना. 1933 मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक यांच्या चमूने चाऱ्यातलं दोषी द्रव्य शोधून काढलं. त्याच कुळातलं वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि 1954 पासून माणसांवरच्या उपचारात वापरलं जाऊ लागलं.

गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही, अंगातलं रक्त कमीही होत नाही. गुठळी बांधणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना ‘के’ जीवनसत्त्व लागतं. गोळी नेमकं तेच काम मंदावते. हिरव्या पाल्यात हे जीवनसत्त्व भरपूर असतं. पाला अचानक वाढला की गोळीचा जोर घटतो, पाला बंद झाला की जोर वाढतो. हा जोर आयएनआर या चाचणीत दिसतो. निरोगी माणसाचा आकडा 1च्या आसपास असतो. हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांसाठी तो सहसा 2 ते 3 दरम्यान ठेवतात, हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण 2.5 ते 3.5. आकडा खाली गेला की झडपेवर गुठळी धरून पक्षाघाताचा धोका, फार वर गेला की मेंदूत किंवा पोटात रक्तस्रावाचा. एवढ्या अरुंद वाटेवरून रुग्णाला अनेकदा आयुष्यभर चालायचं असतं, आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात तो एकटाच असतो.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत, मग ही कटकट संपणार नाही का, असं कुणी विचारेल. धातूच्या झडपेच्या रुग्णांना त्या चालत नाहीत. संधिवाताच्या तापाने झडपा खराब होऊन हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांवर 24 देशांत झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या या अभ्यासात भारतीय रुग्णही होते. त्यात नव्या रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्या गोळ्यांवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाले. म्हणजे आपल्याकडच्या झडपेच्या रुग्णांना जुनी गोळी, तिची पथ्यं आणि तिचं ज्ञान पुढेही लागणारच आहे.

परीक्षेची परीक्षा

ज्ञान मोजायचं म्हणजे प्रश्नावली करायची. पण प्रश्नावली आधी स्वतः उत्तीर्ण व्हावी लागते. 2006 मध्ये अमेरिकेत वॉरफरिनच्या रुग्णांसाठी 20 बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध झाली, ती ‘ओक’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. ती तयार करणाऱ्यांनी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांची त्याच वयाच्या, गोळी न घेणाऱ्या लोकांशी तुलना केली. दोन्ही गटांना सारखेच गुण पडले असते, तर ती चाचणी काहीच मोजत नाही असं ठरलं असतं. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्या गोळ्यांनाही लागू पडेल अशी प्रश्नावली केली आणि ती औषधतज्ज्ञ, रुग्ण व सामान्य लोक अशा तीन गटांवर पारखली. काही दिवसांनी त्याच माणसाला तेच प्रश्न विचारले तर उत्तरं साधारण तीच येतात का, हेही अशा चाचण्यांत पाहतात.

बहुपर्यायी प्रश्नांची एक अडचण आहे. चार पर्यायांचे 20 प्रश्न असतील, तर काहीही माहीत नसलेला माणूस नुसत्या अंदाजाने सरासरी 5 गुण मिळवतो. म्हणून रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणं अधिक खात्रीचं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तर तोच मार्ग आहे.

मराठी भाषांतर करून ‘ओक’ चाचणी इथे जशीच्या तशी वापरावी का? मला वाटतं, नाही. कोणत्या जीवनसत्त्वाचा गोळीवर परिणाम होतो, असा प्रश्न ‘ओक’मध्ये आहे. घाटंजीच्या बाईला ‘के’ हे अक्षर ठाऊक नसेल, पण ‘मेथी रोज खात नव्हते आणि आता रोज खाते, तर दवाखान्यात सांगावं लागेल’ हे ठाऊक असेल, तर तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. अक्षर पाठ असूनही ज्याने पालेभाजी कायमची सोडली, तो मात्र चुकला आहे. भाजी सोडायची नसते, तिचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. मजुरीवर जगणाऱ्या घरात तेही हाती नसतं. तिथे ऋतू बदलला की आयएनआर तपासून घ्यायचा, हे योग्य उत्तर.

इथले प्रश्न

पाश्चात्त्य देशांत ही औषधं घेणारे बहुतेक जण वृद्ध असतात. आपल्याकडे लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून उद्भवलेल्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण तरुण असतात, त्यांत बायका बऱ्याच. म्हणून पाळी चुकली तर काय करायचं, हा प्रश्न इथे पहिल्या पानावर हवा. वॉरफरिनमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. गोळी मनाने बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी धरू शकते. बाईने त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे असतात.

दुसरा प्रश्न सुईचा. ताप आला, अंग दुखलं की गावात ‘सुई मारून द्या’ म्हणण्याची सवय आहे. या रुग्णांना स्नायूत इंजेक्शन दिलं तर आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते. तिसरा, मेडिकलमधून मागून घेतलेल्या दुखीच्या गोळीचा. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. चौथा, श्रावण-नवरात्राच्या उपवासात गोळी घ्यायची की नाही. ती घ्यायचीच. पाचवा, चुकलेल्या गोळीचा. त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. आणि संकटाच्या खुणा: काळी, डांबरासारखी शौच, लाल लघवी, डोक्याला मार, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, धातूच्या झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंद होणं. यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

हे प्रश्न वऱ्हाडीत हवेत, आणि बंजारा, गोंड, कोलाम वस्त्यांवर त्या-त्या बोलीत. आधी चार-पाच रुग्णांना विचारून पाहावं आणि प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ लावला ते ऐकावं. मगच छापावं.

गुण कुणाचे?

बेरजेवर विसंबणं धोक्याचं आहे. 20 पैकी 19 बरोबर असले आणि चुकलेला एक प्रश्न सुईचा असला, तर 95 टक्के मिळवलेला माणूसही दगावू शकतो. म्हणून जीवघेणे प्रश्न वेगळे काढून प्रत्येकाचं उत्तर बरोबर येईपर्यंत शिकवलं पाहिजे. ज्ञान वाढलं की आयएनआर आपोआप ताळ्यावर येतो असंही नाही. तालुक्यात तपासणी होत नसेल आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे एक मजुरी बुडणार असेल, तर सगळं समजूनही माणूस घरी थांबतो. म्हणून शेवटचा प्रश्न असा हवा: तपासणीला जायला काय आडवं येतं?

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था जिल्ह्यात आहे, गावोगाव आशाताई आहेत. दहा प्रश्नांची तोंडी चाचणी प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर नोंदवणं आणि ऋतू बदलताना ती पुन्हा घेणं ही अशक्य गोष्ट नाही. एकाच प्रश्नावर अनेक रुग्ण चुकत असतील, तर ती गोष्ट आपणच नीट सांगितलेली नाही हे दवाखान्याने मान्य करावं आणि सांगण्याची पद्धत बदलावी. अशा मोजणीचा खरा उपयोग हाच आहे. आयुष्यभर औषध चालू ठेवायला सांगणाऱ्या व्यवस्थेने त्या औषधासह सुरक्षित कसं जगायचं हे रुग्णापर्यंत पोहोचलं की नाही, याची खात्रीही स्वतःच करून घेतली पाहिजे.