कोळशाच्या तंतूंत विजेचा साठा

चीनमधील शांघाय शहरात 2006 मध्ये एक वेगळी बस धावू लागली. थांब्यावर प्रवाशांची चढ-उतार सुरू असतानाच ती टपावरील दांडीने वीज भरून घेई आणि पुढच्या काही थांब्यांची सोय करी. तिच्यात नेहमीच्या बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर होते. बॅटरीत वीज साठते ती रासायनिक क्रियेने. सुपरकपॅसिटरमध्ये मात्र द्रावणातील आयन विद्युतअग्राच्या पृष्ठभागावर केवळ जमा होतात. म्हणूनच तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा वापरूनही फारसा झिजत नाही.

मग मोटारींत तो बॅटरीची जागा का घेत नाही? कारण साठा तुटपुंजा. लिथियम-आयन बॅटरी किलोमागे साधारण 150 ते 250 वॉट-तास ऊर्जा साठवते. बाजारातील नेहमीचा सुपरकपॅसिटर जेमतेम 5 ते 10.

साठा वाढवायचा तर पृष्ठभाग वाढवायला हवा. त्यासाठी सच्छिद्र कोळशाची भुकटी वापरली जाते. तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरहून अधिक भरतो! परंतु कण एकत्र धरण्यासाठी तिच्यात पॉलिमर मिसळावे लागते आणि ते विजेच्या वाटेत येते. शिवाय थर जाड केला, तर आतल्या छिद्रांपर्यंत आयन वेळेत पोहोचत नाहीत.

यावर उपाय म्हणून संशोधक कार्बनच्या नॅनोतंतूंकडे वळले. कृत्रिम लोकर ज्यापासून बनते, ते पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल विरघळवून बारीक सुईतून हजारो व्होल्टच्या दाबाने ओढले जाते. जत्रेतील ‘म्हातारीचे केस’ आठवावेत असे जाळे समोरच्या पत्र्यावर जमते. येथे ओढण्याचे काम वीज करते, इतकेच. हे जाळे आधी हवेत सुमारे 250 ते 280 अंश सेल्सिअसला आणि नंतर नायट्रोजनमध्ये 800 अंशांच्या वर तापवले, की उरतात केसाहून शेकडो पटींनी बारीक असे कार्बनचे तंतू.

त्यांच्या पातळ चादरी एकावर एक रचून थरांचे विद्युतअग्र तयार होते. चिकटवणारे पॉलिमर लागत नाही, वीज तंतूंतून सलग वाहते आणि आयनांना मोकळी वाट मिळते.

मात्र ही मोकळी वाटच महाग पडते. तंतूंमधील पोकळीत द्रावण भरते. आकारमान वाढते आणि वजनही. प्रयोगशाळांतून जाहीर होणारे आकडे बहुधा केवळ कार्बनच्या वजनावर काढलेले असतात, त्यामुळे ते वाचून हुरळून जाऊ नये. चादरी दाबल्या तर जागा वाचते, पण आयनांची वाट अरुंद होते. त्यातच सुईतून तंतू काढण्याचे काम अतिशय संथ. कारखान्याच्या प्रमाणावर ते स्वस्तात करणे अद्याप अवघडच आहे.