चिगाँग : काय घ्यावे, काय तपासावे

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कोलकात्यात ते सुया टोचण्याचे उपचार सुरू केले.

चिगाँग या चिनी व्यायामप्रकाराला मात्र सुईही लागत नाही. संथ हालचाल, खोल श्वास आणि एकाग्र मन, एवढेच. ‘ची’ नावाची ऊर्जा कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही. पण म्हणून व्यायाम फुकट जात नाही. श्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर हळूहळू नेताना मांड्यांचे स्नायू आणि तोल दोन्ही सुधारतात. चिगाँगच्या जवळच्या ताई ची या व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचे पडणे कमी होते, याला चांगला पुरावा आहे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे किती महागात पडते, हे घरोघरी ठाऊक आहे.

चिनी औषधींचे प्रकरण वेगळे. दवण्याच्या कुळातल्या एका चिनी वनस्पतीतून तू यूयू यांनी हिवतापावरचे आर्टेमिसिनिन शोधले. २०१५ चे नोबेल त्यांना मिळाले. उलट ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या चिनी जडीबुटींनी १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये अनेकांची मूत्रपिंडे निकामी केली.

राळेगणसिद्धी गावात यादवबाबा मंदिराच्या आवारात ज्येष्ठांसाठी चिगाँगचा वर्ग जरूर सुरू व्हावा. चिगाँग सुरू केले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.