गच्चीवरचा सौर बंब परवडतो का?

नव्या इमारतींवर सौर बंब बसवणे कल्याण-डोंबिवली महापालिकेने बंधनकारक केले आहे. पण पैसे वसूल होतात का?

100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 4 युनिट वीज लागते. 10 रुपये युनिट धरले तर रोजचे 40 रुपये. मात्र मे महिन्यात कल्याणात गरम पाणी फारसे लागत नाही आणि पावसाळ्यात ऊनच नसते. खरी बचत नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली, 120 दिवसांचे फार तर 4,800 रुपये.

वरच्या मजल्यांना हा व्यवहार नक्कीच फायद्याचा. खाली गरम पाणी पोहोचेपर्यंत पाइपातले गार पाणी वाहून जाते. ते बादलीत धरायलाच हवे. बोअरवेलच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, उल्हास नदीचे नळाचे पाणी बंबाला अधिक मानवते.