पाटीवरचा कायदा आणि खरा कायदा

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत ही पाटी आपण इतक्या वेळा वाचली आहे, की तोच कायदा वाटू लागला आहे. नवा लॅपटॉप चौथ्या दिवशी बंद पडतो आणि माणूस पाटीकडे बघून निमूट घरी परततो. हे थांबायला हवं.

गैरसमज: बिलावर तसं छापलं असेल, तर विषय संपला.

नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 सांगतो की सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर ती धरायची. दिलीच नसेल तर 30 दिवस. ऑनलाइन खरेदीला 2020चे ई-कॉमर्स नियमही लागू होतात. 16 जीबी रॅम सांगून 8 जीबीचा लॅपटॉप पाठवला, तर ‘खोकं उघडलंत, आता परत नाही’ हे उत्तर चालत नाही.

गैरसमज: मग नुसता आवडला नाही, तरी परत करता येईल.

इथे ग्राहकाचीच चूक होते. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे. आपल्याकडे कायद्याने असा सरसकट हक्क दिलेला नाही. कीबोर्ड पसंत पडला नाही, दुसरीकडे स्वस्त दिसला, ही कारणं फक्त विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असतात. त्यातही ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ हे वेगळे शब्द आहेत: दुसऱ्यात पैसे नाहीत, तसाच दुसरा नग मिळतो. पैसे भरण्याआधी ती एक ओळ वाचा.

गैरसमज: बिल नको म्हटलं की जीएसटी वाचतो.

कॉम्प्युटरवर 18 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह होतो, हे मान्य. पण त्या सवलतीत तुम्ही खरेदीचा पुरावाच सोडून देता. वर लिहिलेले सगळे हक्क त्या कागदावर उभे आहेत. उद्या तोच लॅपटॉप विकायला काढलात, तर घेणारा पहिला प्रश्न विचारेल, ‘बिल आहे का?’ तो चोरीचा नाही, हे दाखवायला दुसरं काय आहे तुमच्याकडे? बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे, तेव्हा पक्कं बिल मागताना संकोच नको. त्यावर सीरियल नंबर लिहिलेला आहे ना, तेही बघा.

गैरसमज: ग्राहक आयोग म्हणजे वकील, खर्च आणि हेलपाटे.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे सुटलं नाही, तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची.

गैरसमज: विकण्यापूर्वी फाइली डिलीट केल्या की पुरे.

या समजाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फाइलचा फक्त पत्ता पुसला जातो. मजकूर जागेवरच राहतो आणि तो परत काढणारी सॉफ्टवेअर सहज मिळतात. आधारची प्रत, बँकेची स्टेटमेंट, मुलांचे फोटो, सगळं अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतं. विंडोजमध्ये ‘रिसेट धिस पीसी’, मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पुढच्या पर्यायांत ‘क्लीन डेटा’ चालू करा. वेळ लागतो, लागू द्या. मॅक असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून खात्यातून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद यंत्र पडेल.

लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज यंत्राशी बांधलेलं असतं, ते नव्या मालकाकडे जातं. मायक्रोसॉफ्ट 365ची वर्गणी तुमच्या खात्याची, ती तुमच्याकडेच राहते.

जुना घेणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी: विंडोज 10चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 न चालणारं यंत्र कितीही चकचकीत दिसलं, तरी त्याला पूर्वीचा भाव देऊ नका.

आणि घरातल्या लॅपटॉपच्या बिलाचा फोटो आजच काढून ठेवा. दुकानातल्या थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडून जातात.