सिल्वासातल्या बारची पारख

गुजरातेत १९६० पासून, म्हणजे राज्याच्या स्थापनेपासूनच दारूबंदी आहे. वापीहून हद्द ओलांडून सिल्वासात आलं की ती संपते. त्यामुळे इथल्या बारना गिऱ्हाईक आपोआप मिळतं, आणि म्हणूनच त्या गिऱ्हाइकानं चोखंदळ असायला हवं.

आयर्लंडमध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ब्रिटिश ग्राहकसंघटनेचे सदस्य ब्रिटनच्या पबमधल्या बिअरला ० ते ५ गुण देतात. तिथली पिंपातली एल ११ ते १३ अंशांवर चांगली लागते. आपल्याकडची लागर मात्र त्याहून बरीच थंड हवी.

पारख ग्लासापासून सुरू करावी. आतल्या कडांना बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास नीट धुतलेला नाही. तेलकट ग्लासात फेसही लगेच बसतो. बाटली समोरच उघडायला सांगावी आणि लेबलवरची तारीख वाचावी. हिरव्या काचेतून उजेड आत शिरतो, म्हणून अशी बाटली उन्हात राहिली की बिअरला उग्र, नकोसा वास येतो. तपकिरी बाटली त्या मानानं सुरक्षित. ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये ५ ते ८ टक्के अल्कोहोल असतं, हे नवख्या गिऱ्हाइकाला वेटरनं आपणहून सांगायला हवं.

चकण्याला तळलेलं मागवलं, तर जुन्या तेलाचा कडवटपणा पहिल्याच घासात कळतो. अशी प्लेट निःसंकोच परत करावी. ती किती तत्परतेनं बदलून मिळते, त्यावर सेवेचे गुण द्यावेत.