बरं दिसणं आणि बरं होणं

चार वर्षांच्या मुलीचा ताप दोन आठवडे हटत नाही. पाय दुखतात म्हणून ती कडेवरून खाली उतरायला तयार नसते. कुठे आपटलं नसतानाही अंगावर निळे डाग दिसतात. रक्ताची तपासणी होते आणि काही दिवसांतच आई-वडील मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतात. निदान असतं ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगाचं. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. अनेक कुटुंबांची लढाई अशीच सुरू होते.

पहिला महिना कठीण असतो. केमोथेरपीने केस गळतात, स्टिरॉइडमुळे मूल चिडचिडं होतं, रात्री दोन वाजता वरणभात मागतं. पण महिनाअखेर बहुतेक मुलांच्या अस्थिमज्जेत कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात. मूल खेळू लागतं. घरच्यांना वाटतं, सुटलो!

खरा धोका इथेच असतो. न दिसणाऱ्या पेशी शरीरात शिल्लक असतात आणि उपचार थांबवले, तर आजार उलटतो. म्हणून हे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. त्यातला मोठा काळ मूल घरीच असतं आणि औषध देण्याची जबाबदारी आई-वडिलांवर असते.

या टप्प्यात सहसा मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं. साप्ताहिक गोळी चुकून रोज दिली गेली, तर ती जिवावर बेतू शकते. त्यामुळे वार ठरवून घ्या, कॅलेंडरवर खूण करा आणि औषध शक्यतो एकाच व्यक्तीने द्या. रोजची गोळी चुकवणंही महागात पडतं. अमेरिकेतील अभ्यासात ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकणं ही किरकोळ बाब नाही.

दुसरी गोष्ट तापाची. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा जंतुसंसर्गही काही तासांत गंभीर होतो. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त असेल, तर घरीच तापाचं औषध देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयाशी संपर्क साधा. शेजारी कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला आणि मूल त्याच्या संपर्कात आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्न गटातील देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. उशिरा निदान, औषधांची टंचाई यांबरोबर अर्ध्यावर सोडलेले उपचार हेही त्याचं एक कारण. आई-वडील उपचार सोडतात ते निष्काळजीपणामुळे नव्हे. मजुरी बुडते, पेरणी तोंडावर येते, प्रवासाला पैसे उरत नाहीत, गावी ठेवलेलं मोठं भावंड रडत असतं.

म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपण बसतो का, ते विचारा. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्थाही २००६ पासून अशा मुलांच्या कुटुंबांची विनामूल्य सोय करते. उपचार सोडावेत असं वाटलं, तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. काही तपासण्या आणि औषधं गावाजवळ घेता येतील का, तेही विचारता येतं.

भावंडांनाही खरं सांगा : हा आजार संसर्गजन्य नाही आणि तो कुणाच्या चुकीमुळे झालेला नाही. आजारी मुलालाही हे सांगायला हवं. सुया टोचणं ही आपल्या खोडकरपणाची शिक्षा आहे, असं अनेक मुलांना वाटत असतं.

नातेवाइकांसाठीही एक विनंती. केस परत आलेलं मूल पाहून ‘अजून औषध चालूच?’ असं विचारू नका. त्याऐवजी पुढची रुग्णालयाची तारीख विचारा आणि त्या दिवशी मोठ्या भावंडाला आपल्याकडे ठेवून घ्या. दोन-अडीच वर्षं ती तारीख न चुकवण्यासाठी कुटुंबाला अशाच मदतीची गरज असते.