लॉकरातले घड्याळ

आमच्या शाखेत एक निवृत्त वकील महिन्यातून एकदा लॉकर उघडायला येत. मी तेव्हा पंचविशीतला अधिकारी. बँकेची किल्ली फिरवून बाहेर यायचे, एवढेच माझे काम. १९८६ च्या सुमारास एकदा ते म्हणाले, "साहेब, जरा थांबता? गंमत दाखवतो." डबीतून त्यांनी सोन्याचे मनगटी घड्याळ काढले, चावी दिली, आधी स्वतःच्या आणि मग माझ्या कानाशी धरले, आणि परत ठेवून दिले.

"घरी का नेत नाही?"

"चोरीची भीती. शिवाय हातावर असले की ऐकू येत नाही हो."

म्हणजे पुढे दीडेक दिवस ते घड्याळ बंद लॉकरात, अंधारात, कोणालाही वेळ न सांगता चालत राहणार! मला हसू आले. माझ्या हातावर पहिल्या पगारातली एचएमटी 'जनता' होती. तीही चावीचीच, पण कामावर वेळेत पोचण्यासाठी.

तबकडीवरचे 'पाटेक फिलिप' हे नाव मात्र ध्यानात राहिले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात तेच रूप पाहिले : कालात्राव्हा, क्रमांक ९६. जिनिव्हातली ही पेढी १८३९ सालची. जागतिक मंदीत, १९३२ साली, तिला तबकड्या पुरवणाऱ्या स्टर्न बंधूंनीच ती विकत घेतली आणि त्याच वर्षी हे घड्याळ बाजारात आले. गोल, जेमतेम ३१ मिलिमीटरचे. आकड्यांच्या जागी साध्या पट्ट्या, सहाच्या वर सेकंदाची चिमुकली तबकडी. त्यातून काढून टाकावे असे काहीच उरलेले नाही. आजही कालात्राव्हा याच वळणाची निघतात.

वेळ पाहण्याचे साधन म्हणाल, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा. १९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला काढले आणि स्विस धंद्याची दाणादाण उडाली. १९७० साली तिथे सुमारे नव्वद हजार कामगार होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तीस हजारांच्या थोडे वर उरले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. वकीलसाहेबांच्या घड्याळातले चक्र सेकंदाला पाच ठोके देणार. नामांकित क्रोनोमीटर प्रमाणपत्रसुद्धा दिवसाला चार सेकंद मागे आणि सहा सेकंद पुढे एवढी सूट देते. माझ्या कॅशियरने रोज एवढी तफावत दाखवली असती, तर मी त्याला घरी जाऊ दिले नसते.

तरीही संग्राहक लाखो रुपये मोजतात. त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. काहीजण घड्याळावरचा प्लॅस्टिकचा पापुद्राही काढत नाहीत. लिलावातला भाव उतरेल म्हणून. तो छंद नव्हे, मुदत ठेव झाली. १९९६ पासून याच पेढीच्या जाहिराती सांगत आल्या आहेत, की हे घड्याळ तुमचे नव्हेच, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते सांभाळता. विकणाऱ्याने हे सांगावे, यातली चलाखी मला कळते. पण जुन्या कालात्राव्हाच्या पाठीमागचे झाकण बंद असते, आणि कोणाला दिसणार नाहीत अशा पट्ट्यांच्या कडाही आत कुणीतरी घासून चकचकीत केलेल्या असतात. तिथे माझा हिशेब अडतो. बॅटरीवाले घड्याळ तुम्हाला विचारत नाही. याला रोज तुमची दोन बोटे लागतात. तुम्ही विसरलात की ते थांबते.

वकीलसाहेब गेल्यावर वारसांसमोर लॉकर उघडला. पंच होते, यादी मी लिहीत होतो. दागिने संपल्यावर ती डबी निघाली. मुलाने घड्याळ हलवून पाहिले, कानाशी नेले नाही. "बंद दिसतंय," तो म्हणाला. चावी देऊन पाहा, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण वस्तूंविषयी बँकेच्या माणसाने मत द्यायचे नाही, असा माझा शिरस्ता. मी लिहिले : सोन्याचे मनगटी घड्याळ, जुने, बंद, नग एक. खाली पंचांनी सह्या केल्या.